शाळा सोडण्याआधी
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



माझ्या वर्गातला नववीचा एक मुलगा मला म्हणाला, "सर, इंजिनाच्या आवाजावरून मला बिघाड कळतो, भूमितीचे प्रमेय कळत नाही. मी शाळा सोडून गॅरेजमध्ये जातो." मी रागावलो नाही. कामाची आवड ही देणगी आहे.

"सचिन तेंडुलकर सोळाव्या वर्षीच कसोटी खेळला ना?" त्याने पुढे विचारले. मी म्हटले, "हो, १९८९ साली. पण १९८८ मध्ये रणजीच्या पहिल्याच सामन्यात त्याने शतक काढले होते. तुझे शतक कुठे आहे?"

मग आम्ही हिशेब मांडला. आयटीआयमध्ये वेल्डर किंवा वायरमनला आठवी चालते; मोटार मेकॅनिकला मात्र विज्ञान-गणितासह दहावी लागते. म्हणजे ज्या कामासाठी तो शाळा सोडत होता, त्याच कामाचे दार स्वतःच लावून घेत होता! उस्तादाच्या हाताखाली हात तयार होतो, हे खरे. पण अमरावती-अकोल्याच्या एस.टी. आगारात नोकरी मागायला गेलात, तर आधी दाखला विचारतात.

ज्यांची शाळा नाइलाजाने सुटली, त्यांनीही खचू नये. १७ नंबरचा अर्ज भरून दहावीला बाहेरून बसता येते.

पालकांनो, घरखर्चाची ओढाताण मी जाणतो. तरी मुलाची आवड ऐका आणि दहावीपर्यंत त्याला सांभाळा. तो मुलगा अजून वर्गात येतो. त्याचा निर्णय झालेला नाही. आज तो तुमच्यातच बसला आहे, त्याचे अब्बाही.