अनुभवाचा रकाना

(विधी महाविद्यालयाच्या अंतिम वर्षातील विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. या प्रसंगी परिसरातील शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यही उपस्थित होते.)



कायद्याच्या महाविद्यालयात बोलण्यासाठी कला शाखेच्या पदवीधराला पाचारण करावे, याचे काहींना नवल वाटेल. वकिली मला येत नाही. परंतु अर्ज, निवेदने व पत्रके वाचण्यात माझी वीसएक वर्षे गेली आहेत आणि आजचा विषय मुख्यतः अर्जाचाच आहे.

गेल्या पावसाळ्यात अंतिम वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्या कार्यालयात आली. जिल्हा न्यायालयातील एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली उमेदवारी मिळावी, असा तिचा अर्ज होता. अक्षर सुरेख, गुणांचा तपशील चोख. 'अनुभव' या शब्दापुढे मात्र तिने 'नाही' असे लिहून खाली रेघ ओढली होती. ती म्हणाली, "साहेब, दोन ठिकाणी विचारले. दोघांनीही आधी कुणाकडे बसत होतीस, हेच विचारले. आमच्या घराण्यात कोर्टाची पायरी चढले ते फक्त साक्षीदार म्हणून."

सुट्टीत गावी काय करतेस, असे मी विचारले. वडील ग्रामपंचायतीत शिपाई. त्यामुळे चार वर्षे गावातील विधवा व निराधारांचे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे अर्ज हीच मुलगी भरून देत होती. पतीच्या मृत्यूच्या नोंदीचा उतारा ग्रामपंचायतीतून, उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून, हे तिला तोंडपाठ होते. एका वृद्धेचे नाव शिधापत्रिकेवर एक आणि आधार कार्डावर दुसरे, म्हणून अर्ज परत आला होता. तेव्हा प्रतिज्ञापत्र करून तो पुन्हा दाखल करण्याची खटपट हिनेच केली. सातबारा, फेरफार, वारसनोंद तिला वाचता येत होती. हे सारे तिने 'नाही' या एका शब्दाखाली पुरून टाकले होते!

मित्रहो, नवख्या वकिलाला पहिल्या वर्षी युक्तिवाद करावयास कोणी उभे करीत नाही. सकाळी बोर्ड पाहणे, तारखा टिपणे, रोजनामा वाचणे, नकलेचा अर्ज देणे, कागद तारीखवार लावणे आणि अशील घाबरून उलटसुलट सांगत असताना त्यातील हकीकत क्रमाने उतरवून घेणे, हे त्याचे काम असते. ज्या मुलीने वृद्धेची तक्रार ऐकून नेमकी त्रुटी शोधली, तिने यातील अर्धे काम केलेलेच आहे. जमिनीचे दावे ज्या कचेरीत येतात तेथे फेरफार वाचता येणारा उमेदवार किती उपयोगी पडेल, हे ग्रामीण भागातील वकिलांना सांगावे लागत नाही.

महात्मा गांधी १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्याच प्रकरणात उलटतपासणीसाठी ते उभे राहिले, एकही प्रश्न सुचला नाही, आणि तीस रुपये फी परत देऊन ते बाहेर पडले. पोरबंदरच्या एका गरीब माणसाची जमीन जप्त झाली होती. त्याचा अर्ज मात्र त्यांनी उत्तम लिहिला. पुढे राजकोटला अर्ज-निवेदने लिहूनच त्यांची प्राप्ती दरमहा सरासरी तीनशे रुपयांपर्यंत गेली. त्यातही वडील बंधूंच्या भागीदाराचा वशिला होता, हे त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. ओळखीचे बळ मी नाकारीत नाही. ज्याला ती नाही त्याचा अर्ज म्हणूनच अधिक नेमका हवा.

'समाजकार्याची आवड आहे' हे वाक्य कृपया लिहू नका; ते प्रत्येक अर्जात असते. किती अर्ज भरले, कोणत्या योजनेचे, अडचण कोणती आली, ती कशी दूर झाली, हे चार ओळींत लिहा. ज्यांची कामे केली त्यांची नावे मात्र लिहू नका. अशिलाची गोष्ट चव्हाट्यावर मांडणारा उमेदवार कोणत्याही वकिलाला नको असतो. आणि फुगवूनही सांगू नका. नकलेसाठी रांगेत उभे राहिला असाल तर तसेच लिहा. 'दाव्याचा मसुदा केला' असे लिहिलेत तर पहिल्याच प्रश्नाला उघडे पडाल.

अनुभवाची तूट भरून काढण्याचे मार्गही आहेत. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस आठवडे प्रत्यक्ष कामाचे असतात. ते दाखल्यापुरते उरकणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि तो दाखला हसत देणारेही. न्यायालयाचे दार सर्वांना खुले असते. एखादा दिवाणी दावा तारखेमागून तारखेला बसून ऐका व टिपणवही ठेवा. तालुका विधी सेवा समितीकडे विधी स्वयंसेवक होण्याविषयी चौकशी करा.

हे आज अधिक निकडीचे का झाले? दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी पुन्हा घातली. त्या वकिलीसाठी किमान दहा वर्षे व्यवसाय केलेल्या वकिलाचा दाखला मागितला आहे. म्हणजे पहिल्या कचेरीचे दार उघडले नाही, तर न्यायासनाची वाटही तेथेच अडते. सनदेचे शुल्क ३० जुलै २०२४ च्या निकालाने ७५० रुपयांवर, व अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांवर आणले गेले, हा मोठा दिलासा. परंतु नंतर खोलीचे भाडे कोण भरणार? विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा किमान २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, असे सुचविले. ती शिफारस आहे, सक्ती नाही. फुकट राबवून घेण्याला 'शिकवणे' म्हणण्याची रीत मला व्यक्तिशः पटत नाही. मुलाखतीत विद्यावेतनाची गोष्ट अदबीने, पण स्पष्ट विचारावी.

शिक्षक व सरपंच महोदयांना एक विनंती. 'वर्तणूक चांगली आहे' एवढाच दाखला आपण देतो. त्याऐवजी या मुलाने ग्रामसभेचे इतिवृत्त किती वेळा लिहिले, कोणते दप्तर लावले, हे दोन ओळींत लिहून द्यावे. ते खरे असेल तेवढेच, आणि तारखेसह.

त्या मुलीने रेघ खोडून सहा ओळी लिहिल्या. तिसऱ्या ठिकाणी वकीलसाहेबांनी एक जुना फेरफार पुढे सरकवून वाचावयास सांगितला. ती आता तेथे बसते. विद्यावेतन शिफारशीपेक्षा बरेच कमी आहे आणि एस.टी.चा पास घरून भरावा लागतो.

आपल्यापैकी काहींनी अर्ज सोबत आणले आहेत, असे प्राचार्यांनी सांगितले. साडेपाचच्या गाडीपर्यंत मी येथेच आहे. ज्यांच्या अर्जात 'नाही' लिहिलेले असेल, त्यांनी आधी यावे.