म्हातारा कुत्रा जेवत नाही तेव्हा

गोचिडतापातून उठलेला दहा-बारा वर्षांचा कुत्रा ताटलीजवळ येतो, हुंगतो आणि तोंड फिरवतो. घरचे म्हणतात, नखरे करतोय! बहुतेक वेळा तसं नसतं. या तापावर देतात ते डॉक्सिसायक्लिन उपाशीपोटी दिलं तर मळमळतं. ओठ चाटणं, लाळ गळणं ही मळमळीचीच लक्षणं. आधी ती थांबवायला हवी, आणि तिच्यावर डॉक्टरांकडे औषध असतं. दातही पाहून घ्या. किडलेल्या दाताने कोरडे दाणे कसे चावणार?

कुत्रा चवीपेक्षा वासावर जेवतो आणि म्हातारपणी नाक मंदावतं. म्हणून फ्रीजमधलं अन्न तसंच पुढे करू नका. कोमट करा, बोटाला जेमतेम ऊब लागेल इतपत. मऊ भात, त्यात उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे आणि वर त्याचंच पाणी. मीठ-मसाला नको. कांदा-लसूण तर अजिबात नको. त्याने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. मूत्रपिंडाचा किंवा स्वादुपिंडाचा आजार असेल तर पथ्य वेगळं, ते डॉक्टरांनाच विचारा.

थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा द्या. मान वाकवताना दुखत असेल तर ताटली पाटावर ठेवा. पंधरा मिनिटांत खाल्लं नाही तर मुकाट्याने उचला. जबरदस्तीने घास कोंबू नका. तो श्वासनलिकेत जाऊ शकतो.

चोवीस तास काहीच खाल्लं नाही, किंवा पाणीही पीत नसेल, तर घरगुती उपाय पुरे, थेट दवाखाना गाठा.