थेंबभर नमुन्यातलं मीठ

हत्तीरोगाच्या तपासणीसाठी आरोग्य कर्मचारी रात्री घरी येतात आणि बोटाला टोचून रक्त घेतात, कारण या रोगाचे सूक्ष्म जंतू मुख्यतः रात्रीच रक्तात फिरतात. आपल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जंतूंची प्रथिनं रुग्णांच्या रक्तात आणि लघवीत शोधण्याचं मोलाचं काम केलं.

असं प्रथिन शोधताना मीठ आडवं येतं. रेणूंचं वजन सांगणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडियम प्रथिनाला चिकटतं आणि खूण पुसट होते. जुनी रीत अशी: नमुना सेल्युलोजच्या नळीत भरायचा, दोन्ही टोकं बांधायची आणि मोठ्या भांड्यातल्या द्रावणात रात्रभर थंडीत ठेवायचा. मीठ बाहेर जातं, मोठं प्रथिन आत राहतं. पण नमुनाच 20 मायक्रोलिटर असेल तर?

तिथे मायक्रोफ्लुइडिक चिप कामी येते. काचेच्या छोट्या पट्टीत केसाएवढे बारीक दोन मार्ग, मध्ये सच्छिद्र पापुद्रा. एकीकडून नमुना, दुसरीकडून उलट दिशेने स्वच्छ द्रावण. मिठाला कापायचं अंतर निम्मं झालं की पसरायला एक चतुर्थांश वेळ लागतो. म्हणून रात्रभराचं काम मिनिटांत होतं. प्रथिनं साचून मार्ग तुंबतात, ही मात्र खरी अडचण आहे.

कोणतीही चिप आली तरी आधी थेंब हवाच. कर्मचारी दारी आले की बोट पुढे करा.