कोळ्याचे पाय आणि सशांचें कुंपण

दिवेलागणीच्या वेळीं मुलांना ओळीनें बसवून पर्वचा म्हणवून घेण्याची चाल महाराष्ट्रांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. शुभंकरोति झालें कीं पाढे, आणि पाढे संपले कीं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. या घोकंपट्टीची थट्टा करणें सोपें आहे. परंतु दुकानीं व बाजारीं तोंडींच हिशेब करणारीं माणसें तिनें घडविलीं, हें नाकारतां यावयाचें नाहीं. तिच्यांत उणीव राहिली ती एकच. 'सात आठे छप्पन्न' हें झोपेंतहि म्हणूं शकणाऱ्या मुलाला विचारावें, "सात कोळ्यांचे मिळून पाय किती?" मूल थबकतें आणि उलट विचारतें, "बेरीज करावयाची, कीं गुणाकार?" उत्तर त्याच्या जिभेवर असतें, तें कोठें उपयोगी पडतें, हें मात्र त्याला ठाऊक नसतें.

ही उणीव भरून काढण्यास प्राण्यांसारखे सोबती दुसरे नाहींत. कोंबडीला पाय २, गाईला ४, मुंगीला ६ आणि कोळ्याला ८. चार पाढे असे घराच्या अंगणांतच फिरत असतात. गाईंचा पाढा कोंबड्यांच्या पाढ्याच्या दुप्पट आणि कोळ्यांचा गाईंच्या दुप्पट, हें मुलाच्या आपोआप ध्यानीं येतें. सात कोळ्यांचे पाय आठवले नाहींत, तर पांचांचे ४० आणि दोघांचे १६, मिळून ५६, अशी वाट तें स्वतः काढतें. मग प्रश्न उलटा करावा. अंगणांत गाई व कोंबड्या मिळून डोकीं ८ आणि पाय २२; तर गाई किती? सगळ्या कोंबड्याच समजल्या तर पाय होतात १६, म्हणजे उरले ६. प्रत्येक गाईला कोंबडीपेक्षां पाय २ जास्त. म्हणून गाई ३ आणि कोंबड्या ५. पडताळा पाहण्यास पंतोजींकडे धांवावें लागत नाहीं. पाय मोजले कीं झालें.

ही रीत नवी नव्हे. भास्कराचार्यांनीं शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास 'लीलावती' रचली, तेव्हां भुंगे, हंस, मोर, साप आणि माकडें यांना त्यांनीं गणितांत मानाची जागा दिली. भुंग्यांच्या एका थव्यांतील पांचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलांवर बसला, या दोन हिश्शांतील अंतराच्या तिप्पट भुंगे कुड्याकडे वळले, आणि एक बिचारा दोन फुलांच्या सुगंधांत सांपडून मध्येंच घोटाळत राहिला. तर भुंगे किती? पांचांनीं आणि तिनांनीं निःशेष भागली जाणारी संख्या शोधतां शोधतां मूल १५ पाशीं येतें, आणि ३, ५, ६ व १ यांची बेरीज जमली कीं त्याचा चेहरा खुलतो. याच ग्रंथांत १३५ ला १२ नीं गुणण्याच्या अनेक रीती आहेत. त्यांतली एक अशी : १२ चे ८ आणि ४ असे भाग करावे, १०८० आणि ५४० मिळवावे, १६२० येतात. सात कोळ्यांची वांटणी पांच आणि दोन अशी करणारें मूल नकळत याच वाटेनें गेलेलें असतें. चाळीसगांवाजवळच्या पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखांत या आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापन झाल्याची नोंद आहे.

गुणाकारानंतर क्षेत्रफळ येतें, आणि येथेंच पुष्कळ मुलें अडखळतात. लांबी गुणिलें रुंदी हें सूत्र त्यांना पाठ असतें. पण कुंपणाची लांबी आणि आंतली जागा यांत तीं गल्लत करितात. त्यांना २४ काड्या आणि मूठभर चिंचोके द्यावे. काडी म्हणजे एक हात कुंपण, चिंचोका म्हणजे एक ससा, आणि प्रत्येक सशाला एक चौरस हात जागा. १० हात लांब व २ हात रुंद वाडा केला तर दोन रांगांत २० ससे मावतात. ८ व ४ हातांच्या वाड्यांत ३२ मावतात. ६ व ६ हातांच्या वाड्यांत ३६. कुंपण तेंच, आणि ससे १६ जास्त! हें ऐकून जें खरें वाटत नाहीं, तें चिंचोके मांडून पटतें. पुढें चार सारख्या कामट्यांची चौकट सैल बांधून ती हळूहळू कलती करावी. बाजू तिळभरहि बदलत नाहींत, पण आंतली जागा आक्रसत आक्रसत नाहींशी होते.

भास्कराचार्यांनीं नेमकें हेंच बजावलें आहे. लंब किंवा कर्ण न सांगतां केवळ चार बाजूंवरून चौकोनाचें क्षेत्रफळ विचारणारा पिशाच होय, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच! विनोदाच्या आडून सांगितलेला हा धडा मोठा आहे : दिलेलें पुरेसें आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

या धड्याची गरज आजहि सरलेली नाहीं. फ्रान्समध्यें ग्रनोबल येथें १९७९ च्या सुमारास गणितशिक्षणाच्या अभ्यासकांनीं लहान मुलांना विचारलें, "जहाजावर २६ मेंढ्या व १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचें वय किती?" ९७ मुलांपैकीं ७६ जणांनीं दिलेल्या आंकड्यांवरून वय काढून दिलें! हीं मुलें मूर्ख नव्हतीं. प्रश्न आला कीं आंकडे जुळवून उत्तर द्यावयाचें, एवढेंच त्यांच्या अंगवळणीं पडलें होतें.

म्हणून उदाहरणाशेजारीं हत्तीचें चित्र काढल्यानें गणित मनोरंजक होत नाहीं. प्राण्याच्या पायांशीं, त्याच्या जागेशीं, त्याच्या चाऱ्याशीं उत्तराचें नातें असलें पाहिजे. पाढे अवश्य पाठ असावेत; पण पर्वचेनंतर घटकाभर आजोबांनीं नातवंडांना कोळ्यांचे पाय विचारावेत, सशांचे वाडे बांधावयास लावावेत, आणि अधूनमधून मुद्दाम एखादा पिशाचाचा प्रश्नहि घालावा. "आजोबा, एवढ्यावरून हें सांगतां यायचें नाहीं," असें ज्या दिवशीं नातवंड धीटपणें म्हणेल, त्या दिवशीं त्याचें गणित खरें सुरू झालें.