दोन दिवसांची टंचाई



१ जानेवारी २०२४ या दिवशी देशातील अनेक भागांत मालमोटार आणि टँकरचालकांनी काम बंद केले. निमित्त होते भारतीय न्याय संहितेतील कलम १०६ च्या दुसऱ्या उपकलमाचे. अपघातात मृत्यू घडवून, पोलिसांना न कळविता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद त्यात होती. थांबावे तर जमावाच्या हाती सापडावे आणि निघून जावे तर कायद्याच्या, अशी चालकांची तक्रार होती. २ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिव अजय भल्ला यांच्याशी वाहतूकदार संघटनेची बैठक झाली, चर्चेविना हे उपकलम लागू न करण्याचे आश्वासन मिळाले आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हाही ते बाजूलाच ठेवण्यात आले. त्या वादात येथे शिरावयाचे नाही. विचार करावयाचा आहे तो मधल्या दोन दिवसांचा.

त्या दोन दिवसांत विदर्भातील शहरांत पंपांपुढे रांगा लागल्या. वस्तुतः देशातील इंधन संपलेले नव्हते. अकोल्याजवळ गायगावला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. डेपोत तेल असते, पंपाखाली भूमिगत टाकी असते. मध्ये असतो तो टँकर आणि त्याचा चालक. तेवढाच दुवा थांबला होता. मग पंप इतक्या त्वरेने कोरडे का पडावेत?

याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. समजा, एका पंपावर अवलंबून असलेल्या एक हजार स्कूटर आहेत. प्रत्येकीस रोज अर्धा लिटर पेट्रोल लागते, म्हणजे एकूण पाचशे लिटर. एके सायंकाळी ‘उद्यापासून पेट्रोल मिळणार नाही’ अशी वार्ता भ्रमणध्वनीवर फिरते आणि प्रत्येकजण आपल्या पाच लिटरच्या टाकीत आणखी तीन लिटर भरून घेतो. तीन हजार लिटर, म्हणजे सहा दिवसांची विक्री काही तासांत संपते! यात कोणी साठेबाज नाही, कोणी गुन्हेगार नाही. सारे सज्जन गृहस्थ आहेत. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याला रुग्णालय गाठावयाचे आहे, त्याच्यासाठी पंपात थेंबही उरलेला नाही, आणि भरलेल्या हजार स्कूटरांपैकी निम्म्याअधिक घरासमोर उभ्या आहेत.

चंदीगड प्रशासनाने २ जानेवारीलाच दुचाकीस दोन लिटर आणि चारचाकीस पाच लिटर अशी मर्यादा घातली. हा निर्णय शहाणपणाचा होता. पण अशी मर्यादा नागरिकांनी आपण होऊन पाळावयास प्रशासनाच्या आदेशाची वाट का पाहावी, हाच खरा प्रश्न आहे.

असे प्रसंग नवे नाहीत. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली आणि काही महिन्यांत खनिज तेलाचे भाव सुमारे चौपट झाले. त्याच नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. जानेवारी २००९ मध्ये तेल कंपन्यांच्या अधिकाऱ्यांनी वेतनासाठी संप केला, तेव्हाही अनेक शहरांतील पंप ओस पडले. कधी युद्ध, कधी संप, कधी महापूर, कारण बदलते. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूर येथे ५३ लाख टनांहून अधिक क्षमतेची भूमिगत भांडारे उभारली गेली, ही राष्ट्राची तयारी झाली. घराची तयारी कोणती?

पहिली गोष्ट, गाडीचा काटा निम्म्यावर आला की टाकी भरावी; रिकामी होण्याची वाट पाहू नये. हे मात्र एरवीच्या दिवसांत करावयाचे. अफवेच्या दिवशी तीच कृती टंचाईला हातभार लावते. टायरमधील हवा योग्य ठेवणे, ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने चालविणे, सिग्नलला इंजिन बंद करणे, या गोष्टी रुक्ष वाटतात. पण त्याच टाकीत त्या एखादा दिवस अधिक काढून देतात.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. टंचाईची चाहूल लागताच पाण्याच्या बाटल्या आणि तेलाचे प्लास्टिकचे डबे घेऊन लोक पंपावर धावतात. पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे चाळीस अंशांवरही पेट घेऊ शकते, आणि हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते. अकोल्याच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, बंद सदनिकेत देवघरातील निरांजनापासून काही हातांवर अशी बाटली ठेवणे म्हणजे घरात स्फोटक ठेवणे होय. पेट्रोलियम कायद्याने अल्प साठ्यास दिलेली सवलतही धातूच्या किंवा काचेच्या घट्ट झाकणाच्या पात्रापुरती आहे. शीतपेयाच्या बाटलीला ती नाही.

रेल्वेकडे मात्र आपले लक्ष फारसे जात नाही. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला हा मुंबई-हावडा लोहमार्ग विद्युतीकृत आहे. डिझेलचा टँकर अडला म्हणून तेथील गाडी अडत नाही. नोकरीसाठी अमरावती-अकोला ये-जा करणाऱ्या प्रत्येकास गाड्यांच्या वेळा ठाऊक असाव्यात. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ धावणारी शकुंतला आज असती तर तिचाही आधार झाला असता; ती बंद पडू दिली गेली, याची खंत वऱ्हाडाला आहेच.

गावाकडील चित्र वेगळे असते. जानेवारीत तुरीची मळणी चालू असते, कापसाच्या गाड्या बाजाराकडे निघतात. मळणीयंत्र ट्रॅक्टरवर चालते आणि ट्रॅक्टर डिझेलवर. ढगाळ आभाळाखाली शेंगा खळ्यावर पडलेल्या असताना दोन दिवस डिझेल न मिळणे म्हणजे काय, हे शहरात टाकी काठोकाठ भरणाऱ्यास उमगत नाही. धारणी किंवा चिखलदऱ्याहून रुग्णास अमरावतीस आणावयाचे तर मेळघाटचा घाट उतरूनच यावे लागते, आणि तेथे पर्यायी वाहन सहज मिळत नाही.

म्हणून प्रत्येक वस्तीत एक छोटी यादी असावी: डायलिसिससाठी कोण, कोणत्या वारी जातो, कोणत्या घरी गर्भवती भगिनी आहे, एकटे वृद्ध कोठे राहतात, कोणाकडे विजेवर चालणारी दुचाकी आहे, एकाच कार्यालयात जाणारे चौघे कोण. हे काम एका रविवारी, दोन कार्यकर्त्यांच्या घरोघरच्या भेटीत पुरे होते. यादीतील दूरध्वनी क्रमांक दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावेत आणि तिची एक प्रत वस्तीतील औषधाच्या दुकानात ठेवावी, कारण अडचणीच्या वेळी लोक प्रथम तेथेच येतात.