जागे राहणारे यंत्र



मार्च १८७० मध्ये मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग जबलपूर येथे ईस्ट इंडियन रेल्वेच्या मार्गाला येऊन मिळाला आणि मुंबई व कलकत्ता ही शहरे सलग रुळांनी जोडली गेली. कंपन्या दोन, व्यवस्था दोन. परंतु रुळांमधील अंतर एकच ठरलेले असल्याने सांधा जुळला. आंतरजालाचे तत्त्व याहून फारसे निराळे नाही. निरनिराळ्या मालकांची यंत्रे, पण निरोप पोहोचविण्याचे नियम सर्वांनी मान्य केलेले. जबलपूरकराला हे समजावून सांगण्यास फार सायास पडू नयेत.

सर्व्हर म्हणजे शाळेच्या कार्यालयातील जुन्या दप्तरदारासारखा संगणक. कोणी कागद मागितला की तो शोधून काढायचा आणि मागणाऱ्याच्या हाती द्यायचा, एवढेच त्याचे काम. फरक इतकाच की या दप्तरदाराला रजा नाही, रात्र नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत जगातले पहिले संकेतस्थळ आपल्या टेबलावरच्या नेक्स्ट संगणकावर चालविले. तेव्हा त्यांनी त्या यंत्रावर लाल शाईने लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवली होती : हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. कोणी सहज बटण दाबले असते तर त्या क्षणी जगातले सारे वेब विझले असते!

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेचे संकेतस्थळ असावे, ही इच्छा अनेकांच्या मनात येते. मग प्रश्न उठतो : गोहलपुरातल्याच एखाद्या खोलीत संगणक ठेवून हे का साधू नये? शिकण्यासाठी अवश्य ठेवावा. परंतु उन्हाळ्यात वीज गेली की स्थळ गेले. शिवाय घरगुती जोडणीचा क्रमांकरूप पत्ता बहुधा बदलत राहतो. म्हणून दुसऱ्याच्या संगणकगृहातील थोडी जागा मासिक भाड्याने घेणे शहाणपणाचे.

जागा मिळाली की तीत लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बसवितात. पुढचा क्रम मात्र घाईने करण्याजोगा नाही. आधी प्रणाली अद्ययावत करावी. सर्वाधिकारी खात्याने थेट प्रवेश करण्याची वाट बंद करावी आणि कामापुरते वेगळे खाते उघडावे. परवलीच्या शब्दाऐवजी किल्लीच्या जोडीने प्रवेश ठेवावा. त्यातील खासगी किल्ली स्वतःच्या संगणकावरून कधीही हलवू नये. मग सारी दारे लावून घ्यावीत. व्यवस्थापकाच्या येण्याजाण्याचे एक दार सोडले तर वाचकांसाठी ८० आणि ४४३ या क्रमांकांची दोन पुरतात. नवा सर्व्हर चालू होताच अनोळखी यंत्रे त्याच्या दारावर थापा मारू लागतात, हे नवशिक्याला खरे वाटत नाही. नोंदवही उघडून पाहिली म्हणजे वाटते.

यानंतर पाने वाढून देणारा कार्यक्रम, उदाहरणार्थ अपाची किंवा एन्जिनएक्स, बसवावा. नाव विकत घ्यावे आणि ते नाव सर्व्हरच्या क्रमांकाशी जोडावे. ऑगस्ट २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी नावही घेता येते. ही जोडणी सर्वत्र पोहोचण्यास कधी काही मिनिटे, कधी एखादा दिवस लागतो. तेवढ्यात धीर सोडून सगळे पुसून टाकणारे पुष्कळ. शेवटी सुरक्षिततेचे प्रमाणपत्र. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था २०१५ च्या अखेरीपासून ते सर्वांना विनामूल्य देऊ लागली. त्याची मुदत जेमतेम ९० दिवसांची असल्याने नूतनीकरण यंत्राकडेच सोपवावे लागते.

येथवरचे काम एका रविवारी होते. खरी मेहनत मजकुराची. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टंकलिखित केलेल्या स्मरणिका जुन्या मराठी फाँटमध्ये अडकलेल्या असतात. तो फाँट नसला की पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, कारण आत साठविलेली अक्षरे मुळात देवनागरी नव्हतीच. युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरीला स्वतःची जागा आहे. ‘ळ’ला स्वतंत्र क्रमांक आहे, ‘सुऱ्या’तला आडवा रफारही लिहिता येतो. रूपांतर केल्यावर प्रत्येक पान मराठी जाणणाऱ्या डोळ्यांखालून गेलेच पाहिजे. हिंदीच्या प्रदेशात ‘काळे’ हे आडनाव ‘काले’ होऊन कायमचे राहते, आणि मग पुण्याहून किंवा परदेशातून आजोबांचे नाव शोधणाऱ्या नातवाला ते सापडत नाही.

सगळेच मात्र चढवू नये. दाखल-खारीज नोंदवहीतील जन्मतारखा, जाती, पत्ते हे कार्यालयाच्या कपाटातच शोभतात. सध्या शिकत असलेल्या मुलांची छायाचित्रे पालकांच्या संमतीवाचून लावू नयेत. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे.

आणि टिकण्याचे काय? सर्नने २०१३ मध्ये पहिले संकेतस्थळ पुन्हा उभे करावयास घेतले, तेव्हा हाती आली ती १९९२ ची प्रत.  अमेरिकेतील ‘जिओसिटीज’ ही फुकट जागा याहूने २००९ मध्ये बंद केली आणि असंख्य लोकांची पाने तिच्याबरोबर गेली. शाळांच्या बाबतीत कारण याहून साधे असते. उत्साही माजी विद्यार्थी स्वतःच्या नावावर नाव घेतो, स्वतःच्या खिशातून भाडे भरतो. नोकरी बदलते, ईमेल बदलते, मुदत संपते, आणि ते नाव दुसराच कोणी विकत घेतो. त्याच्या सद्भावनेत खोट नसते. पण साठ वर्षांचे दप्तर एकाच्या खिशात कोणी ठेवीत नाही.

म्हणून नाव संस्थेच्या नावावर घ्यावे, भाडे संस्थेच्या खात्यातून जावे. किल्ल्या दोघांकडे असाव्यात. त्यांतील एक शिक्षक असावा. दर आठवड्याची प्रत वेगळ्या जागी जावी आणि वर्षातून एकदा ती प्रत खरोखर उघडते का, हे कोऱ्या सर्व्हरवर करून पाहावे. नूतनीकरणाची तारीख मुख्याध्यापकांच्या खोलीतील भिंतीवरच्या कॅलेंडरवर, लाल शाईने.