यंत्राचा ठेका आणि माणसाचा हात



आजच्या भाषणाचा विषय ऐकून माझ्या वयाच्या मंडळींच्या भुवया किंचित वर जातील. सारें आयुष्य शाळेंत घालविलेल्या माणसानें रॉक गाण्यांच्या ठेक्यावर बोलावें, हें वरवर पाहतां विसंगत दिसतें. परंतु आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतहि आतां कांहीं मुलें घरच्या खोलींत गिटार वाजवितात, स्वतः गाणीं रचतात आणि संगणकावर तीं मुद्रित करितात. त्यांतील एकदोघे माझे जुने विद्यार्थी आहेत. त्यांच्या गाण्यांना शब्द आहेत, सूर आहेत. अडतें तें ठेक्यापाशीं. त्या अडचणीचा विचार करतांना मला जें सुचलें, तें आज आपणांपुढें मांडतों.

रॉक संगीताचा ताल ड्रमसेटवर वाजतो. ड्रमसेट म्हणजे एकट्या माणसानें सांभाळावयाचा वाद्यांचा लहानसा संसारच. उजव्या पायाशीं बेस ड्रम हा मोठा ढोल. समोर तारांनीं खरखरणारा स्नेअर. डाव्या पायानें मिटणारी व उघडणारी हाय-हॅट ही झांजांची जोडी. शिवाय टॉम नांवाचे लहानमोठे ढोल आणि क्रॅश, राइड या टांगलेल्या झांजा. हें वाद्य महाग, जागा अडविणारें आणि शेजाऱ्यांची सहनशक्ति पाहणारें. तेव्हां तालुक्याच्या गांवांतील मुलानें संगणकावर एकेक आघात मांडून ठेका तयार केला, तर त्यांत नवल नाहीं.

यंत्रानें ताल देण्याची कल्पना आजची नव्हे. १९८० सालीं जपानच्या रोलंड कंपनीनें ‘टीआर-८०८’ हें यंत्र काढलें. त्यांतील आघात विद्युन्मंडलांतून निर्माण होत. त्याच सुमारास अमेरिकेंत रॉजर लिन यांनीं खऱ्या ड्रमचे मुद्रित आघात वाजविणारें यंत्र बाजारांत आणलें. १९८२ सालीं मुंबईच्या चित्रपटसंगीतांतील वादक चरणजित सिंग यांनीं रोलंडच्या यंत्रांवर दहा रागांची एक तबकडी काढली. पुढें २०१० सालीं तिची पुन्हां आवृत्ति निघाली व देशोदेशींच्या रसिकांनीं तिचें कौतुक केलें. त्या तबकडींतील ठेका आपलें यंत्रपण लपवीत नाहीं. तेथें सारेंच यंत्राचें आहे, म्हणून तो शोभतो.

आमच्या मुलांची गोष्ट निराळी आहे. त्यांचा गळा खरा, गिटारीवरचीं बोटें खरीं. आणि त्यांच्या पाठीमागें ठेका मात्र घड्याळाच्या लंबकासारखा. हा विजोड कानाला लगेच कळतो. म्हणून येथें ठेक्याला माणसाचें रूप द्यावें लागतें, आणि त्यासाठीं आधीं माणूस कसा वाजवितो हें ओळखावें लागतें.

पहिलें बंधन शरीराचें. वादकाला दोन हात व दोन पाय असतात. हाय-हॅटवरचा हात क्रॅशवर गेला, कीं त्या क्षणीं हाय-हॅटवर त्याच हाताचा आघात पडूं शकत नाहीं. संगणकाला हें ठाऊक नसतें. तो एका क्षणीं सहा आघातहि निमूटपणें वाजवितो. उघडी हाय-हॅट घुमत असतां तीच मिटली, तर घुमारा तुटलाच पाहिजे. प्रत्येक आघात मांडतांना ‘हा कोणत्या हाताचा?’ असें विचारण्याची संवय लावली, तर निम्मा कृत्रिमपणा तेथेंच नाहींसा होतो.

दुसरी गोष्ट वजनाची. १९८३ सालीं रूढ झालेल्या मिडी या सांकेतिक भाषेंत प्रत्येक आघाताला १ पासून १२७ पर्यंत जोराचा अंक देतां येतो. नवशिका सर्वत्र १२७ लिहितो आणि लोहाराचा भाता नसलेलें दुकान उघडतो. नुसते घणावर घण! आपल्या केरव्यांत पांचव्या मात्रेवर खाली येते, डग्ग्याचा घुमारा थांबतो, आणि त्या रितेपणामुळेंच समेला भार येतो. रॉकच्या चार मात्रांत दुसरी व चौथी स्नेअरवर ठासून पडते. तिला ११० दिले, तर मधल्या पुटपुटणाऱ्या आघातांना ३०-४० पुरेत. हाय-हॅटवरहि एक आघात जड, दुसरा हलका असावा. शिवाय जोर बदलला म्हणजे नाद केवळ मोठा होत नाहीं, त्याची जातहि बदलते. म्हणून एकाच आघाताचे निरनिराळ्या जोराचे अनेक मुद्रित नमुने असलेला संच घ्यावा. एकच नमुना पुन्हां पुन्हां वाजला, तर कान त्याला बंदुकीच्या फैरीसारखा ओळखतो.

तिसरी गोष्ट काळाची, आणि ती सर्वांत नाजूक. मिनिटाला १२० मात्रांच्या लयींत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते व तिचा चतुर्थांश १२५ सहस्रांश सेकंद भरतो. चांगला वादक यांत पांचदहा सहस्रांश मागेंपुढें असतो. परंतु तें मागेंपुढें होणें आंधळें नसतें. स्नेअर किंचित मागें रेंगाळली, तर गाणें ऐसपैस बसतें. ध्रुपदाकडे जातांना लय जराशी चढली, तर अंगांत उत्साह येतो. संगणकांतील कळ दाबून सारे आघात वाटेल तसे विस्कटले, तर माणूस प्रकट होत नाहीं, केवळ कच्चा विद्यार्थी प्रकट होतो.

चौथी गोष्ट ऐकण्याची. शेगांवाहून पंढरीस पायीं जाणाऱ्या पालखीबरोबरचा मृदंगवादक पाहा. एका तोंडावर शाई, दुसऱ्यावर कणीक; हात चालूं असतात, पण लक्ष अभंगाच्या शब्दावर. शब्द उच्चारला जात असतां तो दबून वाजवितो आणि चरण संपला, कीं बोलांची उधळण करतो. ड्रमच्या भरावाचेंहि स्थान तेंच: कडवें संपून ध्रुपद येण्यापूर्वीं. बेस ड्रमनें बेस गिटारीचा हात धरून चालावें. आणि शेवटीं सर्व आघातांवर एकाच खोलीचा थोडासा प्रतिध्वनि द्यावा. नाहींतर प्रत्येक ढोल निराळ्या घरांत ठेवल्यासारखा वाटतो.

आतां एक प्रश्न टाळतां येत नाहीं. यंत्र इतकें हुबेहूब वाजूं लागलें, तर वाजविणाऱ्यांचें काय? मुंबईच्या चित्रपटसंगीतांत कावस लॉर्ड व त्यांचे पुत्र केरसी आणि बरजोर यांनीं दोन पिढ्या तालवाद्यांची सेवा केली. त्याच केरसींनीं नव्या विद्युत्-वाद्यांचेंहि स्वागत केलें होतें. पुढें कळफलक व संगणक यांनीं ध्वनिमुद्रणगृहांतील मोठमोठे वाद्यवृंद आटविले आणि पुष्कळ वादकांचें रोजचें काम गेलें. हें यंत्राला शिव्या देऊन परत येणार नाहीं. तरीपण एक गोष्ट विसरूं नये. संगणकांतील प्रत्येक मुद्रित आघात कोणा तरी वादकानें कधीं तरी स्वतःच्या मनगटानें दिलेला असतो. यंत्र वाजवितें तें त्याच्याकडून उसनें घेऊनच.

म्हणून तरुण मित्रांना माझें सांगणें एवढेंच, कीं गांवांत वादक नसेल तर यंत्र जरूर वापरा. असेल तर आधीं त्याचें दार ठोठवा. ड्रमसेटवाला न मिळाल्यास लग्नाच्या बँडांतील साइड ड्रम वाजविणाऱ्याजवळ तासभर बसा. त्याच्या कोपराचा झोंका, मनगटाची सैल, आघातापूर्वींचा श्वास पाहा. मग संगणकापुढें बसा. ज्यानें वादकाचा हात डोळे भरून पाहिला आहे, त्यालाच यंत्राकडून तो वदवून घेतां येईल. आणि त्याला मोबदला देण्याची ऐपत आली, त्या दिवशीं यंत्र बाजूला ठेवून त्याला आपल्या गाण्यावर वाजवावयास बोलवा. तुमच्या गाण्याला त्याहून मोठा लाभ दुसरा नाहीं.